नाशिकमध्ये प्रवेशद्वारावरील खासगी सुरक्षा रक्षक होण्यासाठी पात्रता, कागदपत्रे आणि पडताळणी

रुग्णालय, मॉल, वाहनतळ, कारखाना किंवा गर्दीचे सभागृह, यांच्या प्रवेशद्वारावर उभा असलेला रक्षक बहुतेक ठिकाणी खासगी एजन्सीमार्फत नेमलेला असतो. नाशिकला या कामाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचे प्राण गेले, आणि येण्या-जाण्याच्या वाटा नीट सांभाळणे हा जीवन-मरणाचा प्रश्न असतो, हे या शहराने तेव्हा पाहिले. म्हणूनच या नोकरीकडे ‘गणवेश घातला की काम सुरू’ अशा दृष्टीने पाहणे धोक्याचे आहे. तिच्यासाठी कायद्याने ठरवून दिलेली पात्रता आहे, प्रशिक्षण आहे आणि पोलीस पडताळणीही आहे.

हे क्षेत्र खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा, २००५ अन्वये चालते. परवान्याशिवाय एजन्सी चालवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, २५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवान्याची मुदत ५ वर्षांची असते आणि तो व्यवसायाच्या ठिकाणी दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. त्यामुळे उमेदवाराने एजन्सीच्या कार्यालयात गेल्यावर सर्वप्रथम भिंतीवरचा परवाना, त्याची मुदत आणि तो कोणत्या जिल्ह्यांसाठी दिलेला आहे, हे वाचून घ्यावे. कारण परवाना एका जिल्ह्यापुरता, पाच जिल्ह्यांपर्यंत किंवा संपूर्ण राज्यासाठी असू शकतो. परवाना दाखवण्यास टाळाटाळ होत असेल, तर तेथे अर्जच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उमेदवार भारतीय नागरिक असावा, त्याचे वय १८ वर्षे पूर्ण आणि ६५ पेक्षा कमी असावे, चारित्र्य व पूर्वेतिहासाबाबत एजन्सीची खात्री पटलेली असावी, तसेच त्याने विहित प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे. सैन्यदल किंवा पोलीस दलातून गैरवर्तनामुळे बडतर्फ झालेल्या व्यक्तीला नेमता येत नाही. उलट, माजी सैनिक आणि माजी पोलीस कर्मचारी यांना नेमणुकीत प्राधान्य देण्याची तरतूद आहे. देवळाली परिसरातील माजी सैनिकांनी आपले सेवामुक्तीचे कागद सोबत ठेवावेत, ते याच कारणासाठी. शारीरिक निकषांबाबत केंद्राच्या २००६ च्या आदर्श नियमांत (राज्यांसाठीचे नमुना नियम; २०२० मध्ये त्यांची जागा नव्या आदर्श नियमांनी घेतली) पुरुषांसाठी १६० सेंटीमीटर आणि महिलांसाठी १५० सेंटीमीटर उंची दिलेली असून, रंगांधळेपणा नसणे आणि सहा मिनिटांत एक किलोमीटर धावता येणे याही अटी आहेत.

कागदपत्रांमध्ये आधार कार्ड, वयाच्या पुराव्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला, राहत्या पत्त्याचा पुरावा, अलीकडची छायाचित्रे आणि वैद्यकीय प्रमाणपत्र एवढे तयार ठेवावे. मूळ कागद फक्त पडताळणीपुरते दाखवावेत आणि एजन्सीकडे स्वाक्षरी केलेल्या छायाप्रती द्याव्यात. मूळ दाखला ‘ठेवून घेण्याची’ मागणी कोणत्याही कारणाने मान्य करू नये.

सर्वाधिक वेळ जातो तो चारित्र्य पडताळणीत, आणि अडचणीही बहुधा तेथेच येतात. सातपूर, अंबड, पंचवटी, नाशिक रोड या भागांतील रहिवाशांची पडताळणी शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत होते, तर सिन्नर, इगतपुरी किंवा त्र्यंबकेश्वर येथील उमेदवारांचा संबंध नाशिक ग्रामीण पोलिसांशी येतो. २००६ च्या आदर्श नियमांनुसार गेल्या पाच वर्षांत उमेदवार एकाहून अधिक जिल्ह्यांत राहिला असेल, तर जितके जिल्हे तितके अर्ज भरावे लागत. कामासाठी दोन वर्षे पुण्याला किंवा भिवंडीला राहून परतलेले अनेक तरुण तेथील पत्ता लिहितच नाहीत. त्यामागे लपवाछपवी नसते, केवळ ‘त्याची काय गरज’ असा समज असतो. मात्र चौकशीत ती नोंद आढळली की माहिती दडवल्याचा संशय येतो. प्रत्येक पत्ता, तेथील वास्तव्याचा काळ आणि हद्दीतील पोलीस ठाणे यांची नोंद अर्ज भरण्यापूर्वीच कागदावर उतरवून घ्यावी. एकदा मिळालेला पडताळणी अहवाल २००६ च्या त्या नियमांनुसार तीन वर्षे ग्राह्य धरला जात असे.

प्रशिक्षणाचा कालावधी आदर्श नियमांत १०० तास वर्गातील आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचा, किमान २० कामकाजी दिवसांत विभागलेला, असा ठरवला आहे. माजी सैनिक व माजी पोलिसांसाठी तो बराच कमी आहे. अभ्यासक्रमात ओळखपत्रे आणि प्रवासाचे कागद तपासणे, गर्दीचे नियंत्रण, आग विझवणे, प्रथमोपचार, संशयास्पद स्फोटक वस्तू ओळखणे आणि तपासणी उपकरणे हाताळणे यांचा समावेश आहे. ओळखपत्रांवरील इंग्रजी अक्षरे आणि अंक वाचता येणे ही स्वतंत्र अपेक्षा आहे. काही ठिकाणी दोन-तीन दिवसांत प्रमाणपत्र हाती दिले जाते. असे प्रमाणपत्र घेणारा रक्षक गर्दी उसळल्यावर स्वतःही असुरक्षित असतो आणि त्याच्या दारातून जाणारी माणसेही.

रक्षकाला पोलिसांचे अधिकार मिळत नाहीत, हे नेमणुकीच्या दिवशीच समजून घ्यावे. आपल्यासमोर अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणताही नागरिक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार पकडू शकतो. रक्षकालाही तेवढाच अधिकार आहे, आणि पकडलेल्या व्यक्तीला विनाविलंब, कमाल सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करणे बंधनकारक आहे. पोलीस किंवा सैन्यदलाच्या गणवेशासारखा दिसणारा गणवेश घालणे हा गुन्हा असून, त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नेमणूक झाल्यावर एजन्सी छायाचित्रासह ओळखपत्र देते. कामावर असताना ते कमरेच्या वर, सर्वांत बाहेरच्या कपड्यावर, समोरच्याला वाचता येईल असे लावायचे असते. दंडावर एजन्सीचे चिन्ह आणि दोरीला बांधलेली शिट्टी डाव्या खिशात, हाही गणवेशाचा भाग आहे. ओळखपत्र हरवल्यास किंवा चोरीस गेल्यास तत्काळ एजन्सीला कळवावे आणि नोकरी सोडताना ते परत करून त्याची पोच लेखी घ्यावी.