पावशा की शिक्रा? झूम कॅमेऱ्यातून नक्की काय बघायचं

पक्ष्यांचे फोटो काढायला लागलं की पावशा आणि शिक्रा ही गल्लत हमखास होते आणि तिला कारणही तसंच आहे, कारण पावशा दिसतोच शिक्र्यासारखा, म्हणजे त्या छोट्या शिकारी पक्ष्यासारखा. पाठ राखाडी, पोटावर तांबूस आडव्या रेघा, शेपटीवर गडद पट्टे, लांबी जवळपास तेवढीच, म्हणजे साधारण 33 सेंटिमीटर, आणि उडायची ढब पण तीच, थोडे पंख मारायचे आणि मग तरंगत जायचं. लहान वयाच्या पक्ष्यांतही तेच, दोघांच्याही छातीवर तपकिरी ठिपके आणि उभ्या रेघा. पावशा हा खरं तर कोकिळेच्या कुळातला, स्वतः घरटं करत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो, आणि ते अंडंही सातभाईंसारखंच निळं. शिकारी पक्ष्यासारखं दिसण्याचा त्याला उपयोग होत असावा, लहान पक्षी बिचकतात आणि घरट्याजवळ जायला वाव मिळतो. मला हे प्रकरण अख्ख्या पक्षीजगतात सगळ्यात भारी वाटतं!

उन्हाळ्यात पाऊस तोंडावर आला की तो 'पेर्ते व्हा' ओरडत सुटतो, तेव्हा ओळख पटवायचा प्रश्नच नाही. हिवाळ्यात मात्र गप्प असतो, पानांआड नुसता बसून राहतो, आणि तेव्हा लांब झूमचा कॅमेरा खरा कामाला येतो.

किती कामाला येतो ते आकड्यांत बघू. निकॉनचा पी 900 घ्या, 2015 साली आलेला, 83 पट झूम, टोकाला 2000 मिलिमीटरच्या लेन्सइतकं जवळचं दृश्य. 50 मीटरवरच्या झाडावर रोखला तर अख्ख्या फ्रेमची रुंदी भरते फक्त 90 सेंटिमीटर, म्हणजे पावशा फ्रेमचा तिसरा हिस्सा व्यापतो. कॅमेरा 16 मेगापिक्सेलचा, म्हणजे हिशोबाने एका पिक्सेलमध्ये 0.2 मिलिमीटर यायला हवं, पण तसं होत नाही, कारण प्रकाश ही लाट आहे आणि लेन्सच्या तोंडातून आत येताना ती थोडी पसरते, याला विवर्तन म्हणतात. पूर्ण झूमवर या लेन्सचं तोंड साधारण 55 मिलिमीटरचं, त्यामुळे 50 मीटरवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडं मोठं असेल तेच वेगळं दिसतं. तरीही हे पुष्कळ झालं, चोचीचा बाक आणि पायाची बोटं त्यात आरामात मावतात. डिजिटल झूम मात्र बंदच ठेवा, तो आहे तेच चित्र ताणतो, नवीन तपशील काही येत नाही.

आता फोटोत शोधायचं काय, तर पहिली चोच. शिक्र्याची आखूड, बुडापासूनच खाली वळलेली, मुळाशी पिवळी मऊ कातडी. पावश्याची त्यापेक्षा सरळ आणि सडपातळ, टोकाला थोडीशीच वाकलेली. मग पाय. शिक्र्याचे पाय लांब, पिवळे, नखं धारदार, तीन बोटं पुढे आणि एक मागे, पावश्याचे पाय आखूड आणि बोटं दोन पुढे, दोन मागे. म्हणून पक्ष्याचं तोंड छान आलं की थांबू नका, त्याने फांदी कशी धरलीय तेही घ्या, जरा सरकून बाजूने घ्या, वळला की पाठ आणि शेपटी पण घ्या. फोटो हलला, फांदी आडवी आली तरी चालेल, ओळखीसाठी बोटं दिसणारा ओबडधोबड फोटो पोस्टरसारख्या फोटोपेक्षा जास्त मोलाचा, हे माझं ठाम मत आहे.

रंगावर फार विसंबू नका. सावलीत राखाडी रंग निळसर येतो, सकाळच्या उन्हात सगळंच तांबूस होतं, आणि पांढऱ्या आकाशासमोर बसलेला पक्षी नुसता काळा येतो, तेव्हा एक्स्पोजर एक स्टॉप वाढवायचं, म्हणजे आत येणारा उजेड दुप्पट करायचा. या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, फुल फ्रेम म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यांतल्या सेन्सरच्या तुलनेत क्षेत्रफळाने जवळपास 30 पट लहान असतो, त्यामुळे कमी उजेडात दाणे येतात आणि पिसांवरच्या बारीक रेघा पुसून जातात. आणि दुपारी तापलेल्या माळावरून 200 मीटरवरचा पक्षी टिपायला जाऊ नका, गरम हवेचे थर प्रकाश वाकडातिकडा करतात आणि कितीही भारी कॅमेरा असला तरी चित्र थरथरतंच. उपाय एकच, सकाळी लवकर जायचं.

मर्लिनसारखं अ‍ॅप फोटोवरून नाव सुचवतं, त्याला ठिकाण आणि तारीख पण द्या, आणि नाव आलं की चोच नि बोटं आपण स्वतः ताडून बघायची. दोन्ही पानांआड गेलं असेल तर शेपटीच्या टोकाकडे बघा, पावश्याच्या शेपटीला शेवटी एक रुंद काळा पट्टा आणि त्याखाली फिकट तांबूस कड असते.