हिरड्या सरकल्यावर शस्त्रक्रिया: कोणाला, कोणती आणि किती उपयोगाची

एखादा दात शेजारच्यापेक्षा लांब दिसू लागतो, गार पाणी लागलं की कळ मस्तकात जाते, दाताच्या बुडाशी नख फिरवलं तर खाच लागते. हिरडी सरकून मूळ उघडं पडल्याची ही लक्षणं आहेत. सरकलेली हिरडी आपोआप जागेवर येत नाही, कुठल्याही मंजनाने किंवा तेलाने ती वाढत नाही. पण म्हणून प्रत्येकाने शस्त्रक्रिया करून घ्यावी असंही नाही. कळ येत नसेल, दिसायला खटकत नसेल आणि दर तपासणीत माप तेवढंच भरत असेल, तर आम्ही नुसतं लक्ष ठेवतो.

आधी कारण थांबलं पाहिजे. उजव्या हाताने जोरात ब्रश घासणाऱ्यांचा बहुधा डावा सुळा आणि त्यामागचे दात उघडे पडतात. मशेरी लावणाऱ्यांच्या हिरड्या जिथे बोट रोज फिरतं तिथेच झिजतात. किटण साचून हिरड्यांतून रक्त येत असेल तर स्केलिंग (दातांवरचं किटण खरवडून काढणं) करून सूज उतरेपर्यंत शस्त्रक्रियेचा विषय काढू नये. कारण तसंच ठेवून टाके घातले तर हिरडी पुन्हा सरकते, आणि पैसे व त्रास दोन्ही वाया जातात.

मूळ किती झाकलं जाईल?

हे ठरतं दोन दातांमधल्या हाडावर. तिथलं हाड आणि दातांच्या फटीतली हिरडी शाबूत असेल, तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची शक्यता चांगली असते. पायरियामुळे ते हाड झिजलेलं असेल, तर थोडंफारच झाकलं जातं आणि फार झिजलं असेल तर जवळजवळ काहीच नाही. म्हणून एक्स-रे पाहून आणि खुणांच्या बारीक सळईने प्रत्येक दात मिलिमीटरमध्ये मोजल्याशिवाय आम्ही कोणालाही शब्द देत नाही. तुम्हीही एक्स-रे न बघता दिलेल्या हमीवर विसंबू नका.

सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे टाळूतल्या ऊतीचा ग्राफ्ट, म्हणजे एका जागची ऊती काढून दुसरीकडे लावलेलं कलम. भूल देऊन टाळूच्या बाजूला, दाढांच्या आतल्या अंगाला, छोटा छेद घेतात. वरचा पापुद्रा तसाच ठेवून त्याखालची साधारण एक ते दीड मिलिमीटर जाडीची पट्टी काढतात, ती उघड्या मुळावर बसवतात आणि दाताजवळची हिरडी सैल करून तिच्यावर ओढून शिवतात. हिरडी नुसती झाकली जात नाही, जाडही होते, म्हणून निकाल टिकतो. खालच्या पुढच्या दातांपाशी हिरडीची घट्ट पट्टीच उरली नसेल, तर टाळूवरचा वरचा थरही घ्यावा लागतो. तो रंगाने थोडा फिका दिसतो, पण तिथे दिसण्यापेक्षा मजबुती महत्त्वाची. एकाच दाताचा प्रश्न असेल आणि शेजारची हिरडी भरपूर असेल, तर तीच सरकवून काम भागतं.

टाळूवर जखम नको असेल तर कोलॅजन या प्रथिनाचा तयार पडदा वापरता येतो. मात्र सरासरीने त्याने मूळ थोडं कमी झाकलं जातं. शिवाय तो बहुधा डुकराच्या किंवा गाईगुरांच्या ऊतीपासून बनवतात. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी आधी सांगावं, आम्ही दुसरा मार्ग सुचवू.

नंतरचे दिवस

खरा त्रास हिरडीपेक्षा टाळूचा असतो. तो भाग भरायला दोन ते तीन आठवडे लागतात. पहिले काही दिवस गार किंवा कोमट मऊ भात, मुगाची खिचडी, ताक घ्यावं. भाकरीचे कडक पापुद्रे, चिवडा आणि तिखट नको. टाके असलेल्या जागी ब्रश लावायचा नाही, सांगितलेल्या औषधी पाण्याने चूळ भरायची. जोरात थुंकू नका. ओठ ओढून टाके बघण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यानेच ग्राफ्ट हलतो. टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात.

तंबाखू, मशेरी, विडी-सिगरेट आधीच बंद करावी लागेल. धूम्रपानाने ग्राफ्टचा रक्तपुरवठा कमी पडतो.

खर्च दातांच्या संख्येवर आणि पद्धतीवर ठरतो; लेखी अंदाज आधी मागून घ्या. मधुमेह असेल तर एचबीए१सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी सोबत आणा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलूनच आम्ही तारीख ठरवतो.