ऊसतोड कामगारांचं मन, समुपदेशन आणि योगा : मागचा इतिहास

१९७२ चा दुष्काळ, मुकादम (ऊसतोड कामगारांची टोळी नेणारा), उचल (हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे), कोयता (तोडणीची नवरा-बायकोची जोडी) हे बीड-धारूरकडच्या माणसाला सांगायची गरज नाही, म्हणून सरळ अलीकडं येऊ.

मनाच्या आजारांसाठीचा जिल्हा कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. पण तो जिल्ह्याला बांधलेला, अन् आपली टोळी दिवाळीपासून पाडव्यापर्यंत कोल्हापूर-सांगली नाहीतर बेळगावच्या फडात (उसाच्या शेतात). २०१५ ला शेतकरी आत्महत्यांमुळं मराठवाडा-विदर्भात वेगळा समुपदेशन प्रकल्प आला, त्याच वर्षी २१ जूनला पहिला योग दिवस झाला, दोन्ही आपापल्या खात्यात. बोलणं आणि श्वास एकत्र आणायची पद्धत बाहेर तयार होती. २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेनं पाच बैठकांचा साधा कार्यक्रम छापला, त्यात संथ श्वास घ्यायला शिकवायचं अन् अडचणींवर बोलायचं, तेही डॉक्टर नसलेल्या, ट्रेनिंग दिलेल्या माणसानं. पुढं निर्वासितांवरही तो वापरला गेला.

आपल्याकडं समुपदेशन आणि योगा एकत्र आलं ते लॉकडाऊनमध्ये, आणि वाद तिथंच आहे. ३१ मार्च २०२० ला देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं सांगितलं की मजूर खोट्या बातम्यांमुळं घाबरून गावाकडं निघालेत, तेव्हा निवारा केंद्रांत समुपदेशक अन् सगळ्या धर्मांचे लोक पाठवून त्यांची भीती घालवा. काही ठिकाणी मग सकाळी योगाही घेतला. आता भीती होतीच, नाही कोण म्हणतंय, पण मजुरी बंद, खोलीभाडं डोक्यावर, लेकरं गावाकडं, याला नुसती घबराट कसं म्हणायचं? ऐकून घेण्यासाठी असलेलं समुपदेशन माणसाला जागेवर बसवून ठेवायला वापरलं गेलं असं मला तरी वाटतं (आदेशात जेवण-पाणी, औषधाचंही होतं, ते मान्य). ऊसतोडवाल्यांना कारखान्यावरून घरी यायची परवानगी एप्रिलच्या मध्यात मिळाली. ८ मे ला जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले.

ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा मनाच्या त्रासावर बोलायचा सरकारी फुकट नंबर (टेली-मानस) आहे, २४ तास, मराठीतही, त्यामुळं बेळगावच्या कोपीतूनही (फडावरच्या झोपडीतूनही) लागतो, निदान बोलण्यापुरती जिल्ह्याची अट सुटली. योगाचा वर्ग मात्र गावच्या आरोग्य केंद्रातच भरतो, टोळी गाडीत बसून गेल्यावरही.