दवाखाना इथला, नियम बाहेरचे

जागतिकीकरण म्हटलं की आपण १९९० नंतरच्या काळाबद्दल बोलायला लागतो. आरोग्याच्या बाबतीत मात्र गोष्ट त्याच्या बरीच आधी सुरू होते. १८१७ मध्ये बंगालच्या खाडीमुखातून निघालेला कॉलरा जहाजं, पलटणी आणि यात्रेकरू यांच्यासोबत पुढच्या काही वर्षांत युरोपात जाऊन थडकला. प्रत्येक बंदर आपापल्या मर्जीप्रमाणे जहाजं अडवून ठेवायला लागलं, माल कुजायला लागला आणि व्यापारी हवालदिल झाले. म्हणून १८५१ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय स्वच्छता परिषद भरली. सहभागी देशांनी प्रत्येकी एक डॉक्टर आणि एक मुत्सद्दी पाठवला होता. व्यापाराला फारसा धक्का न लावता रोग आपल्या दाराबाहेर कसा ठेवायचा, एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता. जिथे रोग मुक्कामाला होता तिथल्या माणसांचं काय, हा विषयच नव्हता. पुढच्या दीडशे वर्षांत साथीच्या रोगांविषयीच्या बहुतेक करारांमध्ये हाच सूर कमीअधिक ऐकू येत राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर काही काळ चित्र बदलेल असं वाटलं होतं. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली आणि पुढच्या दोन दशकांत आशिया-आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र झाले. त्यांच्या वाट्याला आलेली आरोग्यव्यवस्था मुख्यतः राजधानीतल्या मोठ्या इस्पितळाची होती. आरोग्याच्या तरतुदीतला मोठा हिस्सा तिथेच खर्च होई आणि खेड्यांकडे थोडंफार उरे. हे उलटं करायचा सर्वांत मोठा प्रयत्न सप्टेंबर १९७८ मध्ये झाला. तेव्हाच्या सोव्हिएत कझाकस्तानातल्या आल्मा-आता इथे १३४ देश जमले आणि इसवी सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य, असा ठराव झाला. गावपातळीवरचा आरोग्यसेवक, स्वच्छ पाणी, पोषण आणि अत्यावश्यक औषधं हा त्याचा पाया होता. संघटनेचे तेव्हाचे महासंचालक हाफडान माहलर हे डेन्मार्कचे. त्यांनी क्षयरोग निर्मूलनासाठी भारतात बरीच वर्षं काढली होती. हा ठराव त्यांनी मनापासून लावून धरला.

पण ठरावाची शाई वाळते न वाळते तोच सूर बदलला. एवढं सगळं परवडणार नाही, निवडक रोगांवरचे स्वस्त उपाय तेवढे करू, असं देणगीदार देश आणि संस्था म्हणू लागल्या. लसीकरण आणि जलसंजीवनी यांनी लाखो मुलं वाचली, हे निर्विवाद. मात्र कशावर खर्च करायचा, हे ठरवण्याचा हक्क गरीब देशांच्या हातून निसटायला सुरुवात झाली ती इथे.

खरा घाव घातला तो कर्जाने. १९७० च्या दशकात बँकांनी विकसनशील देशांना सढळ हाताने कर्जं दिली होती. १९७९ नंतर अमेरिकेतले व्याजदर चढले, तांबं, कॉफी, कोको यांसारख्या निर्यात मालाचे भाव पडले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हप्ते फेडता येणार नाहीत असं जाहीर केलं. पाठोपाठ कितीतरी देशांवर तीच पाळी आली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक मदतीला आल्या, त्या अटी घेऊन. सरकारी खर्च कमी करा, नोकरभरती आवरा, चलनाचं अवमूल्यन करा, आयात खुली करा. आरोग्याबाबतची शिफारस जागतिक बँकेने १९८७ च्या अहवालात मांडली, तिचा एक मुख्य भाग म्हणजे सरकारी दवाखान्यांत रुग्णांकडून शुल्क घेणं. फुकट मिळणाऱ्या सेवेची किंमत राहत नाही आणि शुल्कातून दवाखान्यांना चार पैसे मिळतील, असा युक्तिवाद होता.

कागदावर हा युक्तिवाद समंजस वाटतो. प्रत्यक्षात काय झालं ते नैरोबीतल्या लैंगिक आजारांच्या एका सरकारी दवाखान्यात दिसलं. केनियाने १९८९ च्या अखेरीस शुल्क लागू केलं. अभ्यासकांनी तिथल्या नोंदवह्या तपासल्या तेव्हा आढळलं की शुल्काच्या काळात येणाऱ्या पुरुषांची संख्या आधीच्या ४० टक्क्यांवर आली होती आणि स्त्रियांची ६५ टक्क्यांवर. हे एचआयव्ही पसरत असतानाचं वर्ष होतं. उपचार न झालेला लैंगिक आजार एचआयव्हीच्या संसर्गाला वाट करून देतो. म्हणजे शुल्काच्या रूपाने जे थोडे शिलिंग जमले, त्यांच्या बदल्यात न आलेल्या रुग्णांनी आजार घरी नेला आणि पुढे दिला. त्याची किंमत कुठल्याच ताळेबंदात चढली नाही. युगांडाने २००१ मध्ये सरकारी दवाखान्यांतलं शुल्क रद्द केलं आणि बाह्यरुग्ण विभागांत गर्दी झपाट्याने वाढली. झांबियाने २००६ मध्ये ग्रामीण भागात तेच केलं. या मधल्या वर्षांत जे दवाखान्याची पायरी चढलेच नाहीत, त्यांचा हिशेब कोणाकडेच नाही, आणि मला ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत क्लेशकारक गोष्ट वाटते.

खर्चकपातीचा दुसरा परिणाम मनुष्यबळावर झाला. पगार गोठले, जागा भरल्या जाईनात. काही देशांत तर इस्पितळांत परिचारिकांच्या जागा रिकाम्या आणि बाहेर शिकलेल्या परिचारिका बेकार, असं विपरीत दृश्य होतं. त्याच सुमारास श्रीमंत देशांत वृद्धांची संख्या वाढत होती आणि त्यांना परिचारिका हव्या होत्या. घाना, मलावी, झिम्बाब्वे, फिलिपिन्स इथून त्या निघाल्या. जाणाऱ्यांना दोष देण्यात काही अर्थ नाही. वॉर्डात एकटीने साठ रुग्ण सांभाळायचे आणि महिनाअखेर घरभाडंही निघू नये, अशा स्थितीत कोण थांबेल? पण शिक्षणाचा खर्च गरीब देशाच्या करदात्याने केला आणि सेवा श्रीमंत देशाला मिळाली, हे खरंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या अहवालानुसार सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेवर जगातल्या रोगराईचा २४ टक्के भार होता आणि तिथे जगातले आरोग्य कर्मचारी होते फक्त ३ टक्के. अशा भरतीबाबत २०१० मध्ये जागतिक आचारसंहिता आली, ती ऐच्छिक. मलावीने २००४ पासून परदेशी मदतीच्या आधारे आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पगारात ५२ टक्क्यांची भर घातली. माणसं टिकवायची तर पगार वाढवायला हवेत, ही साधी गोष्ट मान्य व्हायला वीस वर्षं लागली.

आता औषधांकडे येऊ, कारण जागतिकीकरणाने काय दिलं आणि काय हिरावलं हे तिथे सर्वांत स्पष्ट दिसतं.

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणं बंद केलं. पेटंट मिळे ते फक्त बनवण्याच्या पद्धतीवर. त्यामुळे तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवायला इथल्या कंपन्या मोकळ्या झाल्या आणि दोन दशकांत जेनेरिक, म्हणजे मूळ औषधाचीच स्वस्त आवृत्ती असलेल्या औषधांचा मोठा उद्योग उभा राहिला. बांगलादेशाने १९८२ च्या औषध धोरणात निरुपयोगी आणि घातक औषधं बाद केली, त्यातून तिथल्याही देशी कंपन्या वाढल्या. थोडक्यात, प्रत्येक देश आपल्या गरजेप्रमाणे पेटंटचा कायदा बेतू शकत होता. १९८६ मध्ये सुरू झालेल्या जागतिक व्यापार वाटाघाटींच्या उरुग्वे फेरीत नेमकी हीच मोकळीक निशाण्यावर आली. बौद्धिक संपदेचा विषय व्यापार वाटाघाटींत आणण्यासाठी अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांनी जोर लावला होता आणि औषध कंपन्या त्यात आघाडीवर होत्या. विकसनशील देशांना कापड आणि शेतमालासाठी बाजार हवा होता. त्या बदल्यात त्यांनी पेटंटच्या अटी गिळल्या. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि तिच्यासोबत बौद्धिक संपदेचे नियम ठरवणारा ट्रिप्स करार. औषधांवर वीस वर्षांचं पेटंट आता सर्वांना बंधनकारक झालं. भारतासारख्या देशांना २००५ पर्यंत मुदत मिळाली, अल्पविकसित देशांना त्याहून जास्त. त्यांची औषधांबाबतची सवलत पुढे २०३३ पर्यंत वाढवण्यात आली.

करार लागू झाला तेव्हा आफ्रिकेत एड्सने थैमान घातलं होतं. तीन औषधांचा एकत्रित उपचार १९९६ पासून उपलब्ध होता आणि श्रीमंत देशांतले मृत्यू त्याने झपाट्याने कमी केले होते. पण एका रुग्णाचा वर्षाचा खर्च होता दहा ते पंधरा हजार डॉलर. दक्षिण आफ्रिकेने १९९७ मध्ये स्वस्त औषधं आयात करण्याची सोय करणारा कायदा केला, तर ३९ औषध कंपन्यांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. प्रतिवादींच्या यादीत पहिलं नाव नेल्सन मंडेला यांचं होतं. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या जेनेरिक औषध कंपनीचे युसुफ हमीद यांनी तोच तिहेरी उपचार एका सेवाभावी संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी जाहीर केली, म्हणजे दिवसाला एक डॉलरही नाही. गोळीचा उत्पादनखर्च आणि विक्रीची किंमत यांच्यातली दरी त्या एका आकड्याने जगासमोर आली. रुग्णांच्या संघटना रस्त्यावर होत्या, जगभर संताप होता. एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला.

त्याच वर्षी शरद ऋतूत अमेरिकेत ॲन्थ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची पाकिटं टपालातून फिरायला लागली आणि त्यावरच्या सिप्रोफ्लॉक्सासिन या औषधाच्या पेटंटला बगल देण्याची भाषा खुद्द अमेरिका आणि कॅनडात सुरू झाली. स्वतःवर वेळ आली की नियमांकडे बघण्याची नजर कशी बदलते, ते जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा इथल्या परिषदेला निघालेल्या विकसनशील देशांच्या प्रतिनिधींनी चांगलंच लक्षात ठेवलं. १४ नोव्हेंबर २००१ च्या दोहा जाहीरनाम्यात सार्वजनिक आरोग्यासाठी सक्तीचा परवाना देण्याचा प्रत्येक देशाचा हक्क निःसंदिग्धपणे मान्य झाला. सक्तीचा परवाना म्हणजे पेटंटधारकाची संमती नसतानाही, त्याला मोबदला देऊन, दुसऱ्या उत्पादकाला औषध बनवू देणं.

हक्क मिळाला, वापरणं मात्र सोपं नव्हतं. स्वतःकडे कारखाना नसलेल्या देशाने परवाना देऊन करायचं काय? त्यासाठी २००३ मध्ये निर्यातीची वेगळी व्यवस्था झाली, ती इतकी किचकट की तिचा वापर एकदाच झाला: कॅनडातून रवांडाला एड्सची औषधं गेली तेव्हा. थायलंड आणि ब्राझीलने २००६-०७ मध्ये सक्तीचे परवाने दिले. भारताने मार्च २०१२ मध्ये सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधासाठी पहिला परवाना दिला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळणारं औषध नऊ हजारांच्या आत आलं. असा दुसरा परवाना त्यानंतर भारताने दिलेला नाही. व्यापारी दबाव दिसत नाही, पण असतो. त्या मानाने २००५ च्या दुरुस्तीत आलेलं ३(ड) हे कलम जास्त टिकाऊ ठरलं. जुन्याच रेणूत किरकोळ फेरफार करून नवं पेटंट मिळवण्याची वाट ते अडवतं. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेक या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाच्या निकालात ते उचलून धरलं.

जेनेरिकच्या या जाळ्याला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. २०२२ मध्ये गांबियात भारतातून आयात केलेल्या खोकल्याच्या औषधांत डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. साठहून अधिक मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. त्या देशाकडे औषध तपासायची स्वतःची प्रयोगशाळा नव्हती. औषध सीमा ओलांडून सहज जातं, तपासणी मागे राहते. स्वस्त औषधाची बाजू घेणाऱ्यांनी निर्यातीच्या मालाच्या तपासणीसाठीही तितकंच भांडायला हवं.

विषाणूंच्या बाबतीत तक्रार आणखी वेगळी होती. इंडोनेशियात बर्ड फ्लूने माणसं मरत होती आणि तो देश विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगशाळांच्या जाळ्यात पाठवत होता. त्या नमुन्यावरून ऑस्ट्रेलियातली एक कंपनी लस तयार करत असल्याचं कळलं. ती लस इंडोनेशियाच्या वाट्याला येईल याची कसलीच हमी नव्हती. तेव्हाच्या आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी नमुने पाठवणंच थांबवलं. जगाने त्यांच्यावर टीका केली, पण त्यांचा मुद्दा खोडता आला नाही. त्यातून २०११ मध्ये फ्लूच्या विषाणूंपुरता वाटपाचा आराखडा झाला.

कोविडमध्ये तेवढंही पुरलं नाही. श्रीमंत देशांनी लशी आगाऊ राखून ठेवल्या. भारताने आपल्याकडची लाट वाढताच २०२१ च्या वसंतात निर्यात थांबवली आणि गरीब देशांना लशी पुरवणाऱ्या कोव्हॅक्स या आंतरराष्ट्रीय योजनेवर विसंबलेले आफ्रिकी देश ताटकळले. भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये पेटंट तात्पुरती बाजूला ठेवण्याचा प्रस्ताव मांडला होता. त्याची बरीच छाटलेली आवृत्ती जून २०२२ मध्ये मंजूर झाली, लाट ओसरल्यावर. मे २०२५ मध्ये जागतिक महामारी करार स्वीकारला गेला, पण विषाणूचे नमुने आणि त्यातून होणारा लाभ कसा वाटायचा हे परिशिष्ट पुढच्या वाटाघाटींवर सोडून.

त्याच २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत अचानक गोठवली. २००३ पासून एड्सच्या उपचारांचा मोठा भार या मदतीने उचलला होता. काही देशांत दवाखाने आठवड्याभरात बंद झाले, कारण तिथले कर्मचारी सरकारचे नव्हते, प्रकल्पाचे होते.

सध्या हा सगळा इतिहास लेनाकापाविर नावाच्या एका इंजेक्शनभोवती पुन्हा उभा आहे. वर्षातून दोनदा घेतलं की ते एचआयव्हीपासून जवळजवळ पूर्ण संरक्षण देतं. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत वर्षाला २८ हजार डॉलरहून जास्त आहे. पेटंटधारक कंपनीने सहा जेनेरिक उत्पादकांना १२० देशांसाठी परवाने दिले आहेत, आणि तिथे ते २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये मिळेल असं जाहीर झालं आहे. ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरू या यादीत नाहीत, जरी या चारही देशांतल्या लोकांनी त्याच्या चाचण्यांत भाग घेतला होता.