शेतातलं दगडी घर भाड्याने घेताय? आधी एवढं वाचून घ्या

सोलापूरहून बार्शी रोडनं नान्नजच्या पुढं गेलं की आत वळून आपलं शेतातलं जुनं दगडी घर आहे, ते आम्ही राहायला देतो, फॅमिलीला, मित्रांच्या ग्रुपला, हुरड्याला येणाऱ्यांना. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, एसी आहे का. नाहीये, आणि का नाही ते नीट सांगतो, कारण ते कळलं की घर कसं वापरायचं तेही कळतं.

भिंती अडीच-तीन हात रुंद आहेत, आतून-बाहेरून काळा घडीव दगड आणि मधे माती-गोट्यांची भर. वर स्लॅब नाही, माळवद आहे, म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, पण ते ऊन एवढ्या दगडामातीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, त्यामुळं भर दुपारी ओसरीवरून माजघरात आलात की शहाबादी फरशी पायाला गार लागते. पण हेही आधीच सांगतो, रात्री तीच भिंत दिवसभराची गरमी आत सोडायला लागते आणि झोप लागत नाही, म्हणून उन्हाळ्यात झोपायचं अंगणात किंवा माळवदावर, बाजा, गाद्या, चादरी सगळं आम्ही देतो. थंडीत मात्र आतच झोपा, उबदार असतं.

माजघराच्या माळवदाला मधोमध चौकोनी भोक दिसेल, ते साणं. उजेड तिथनंच येतो आणि गरम हवा तिथनंच वर निघून जाते, त्यामुळं डास येतील म्हणून त्यावर काही झाकू नका, जाळी बसवलेली आहे आणि पाऊस आला तर राखणदार मामा येऊन झाकण टाकतात. माळवदावर झोपा, गप्पा मारा, पण उड्या मारणं, क्रिकेट, शेकोटी हे नको, आणि बादलीनं पाणी तर अजिबात ओतू नका. मातीला एकदा भेग पडली की पावसाळ्यात थेंब-थेंब गळती लागते आणि मग तुळई कुजते, मातीचं काय, ती दरवर्षी पावसाआधी आम्ही नवीन घालतोच, पण तशी तुळई आता मिळत नाही हो.

भिंतीला खिळे ठोकू नका, ही कळकळीची विनंती. बर्थडेचं डेकोरेशन करायचंय तर करा की, जुन्या लाकडी खुंट्या आहेत, त्यांना दोऱ्या बांधा. दगडांच्या सांध्यात चुना आहे, सिमेंट नाही, चुन्यातनं भिंतीतली ओल बाहेर पडते. फार पूर्वी कुणीतरी मागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता, त्यानं ओल आतच अडकली आणि सांधे भुसभुशीत झाले, तो सगळा खरवडून काढून परत चुन्यात दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरून घेतल्यात. बाथरूम पण त्यामुळंच घराबाहेर परसात बांधलेत, इंडियन-वेस्टर्न दोन्ही आहेत, रात्री चार पावलं चालावं लागतं, लाइट आहे.

दारं बुटकी आहेत, उंच माणसांनी डोकं सांभाळा. मोठ्या दाराला आतून कडी आहे, पण एकदा अडसर लावून बघा, उजव्या भिंतीतल्या भोकातनं तो वासा ओढायचा आणि समोरच्या खोबणीत सरकवायचा, लहान मुलांना फार आवडतं. शेतातलं घर आहे, विंचू निघू शकतो, सकाळी चपला-बूट झटकूनच घाला. विहिरीत पोहायला परवानगी नाही, त्यात सूट मागू नका.

जेवण वस्तीवरच्या ताई-मावश्या करतात, ज्वारीची भाकरी, पिठलं, आमटी, शेंगाची चटणी. किती माणसं ते आदल्या दिवशी सांगा. हुरडा साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत, पण पेरणी लांबली की हुरडाही लांबतो, म्हणून तारीख पक्की करायच्या आधी विचारा, कणसं दाण्यात भरली नसतील तर आम्ही स्पष्ट नाही म्हणू. आगटीवरचा गरम हुरडा हातावर चोळून खायचा, शिळा आणून देणार नाही.

फिरायला म्हणाल तर जवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य, १९७९ पासूनचं. माळढोक दिसायला आता नशीबच लागतं, काळवीट मात्र दिसतात. हाताशी अख्खा दिवस असेल तर हत्तरसंग कुडलला जा, भीमा-सीनेचा संगम आहे आणि देवळात शके ९४० म्हणजे सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. पावसाळ्यात नळदुर्ग, किल्ल्यातले नर-मादी धबधबे तेव्हाच चालू असतात.

भाडं पूर्ण घराचं, माणसामागं नाही. दहा जण आरामात झोपतात. निम्मा ॲडव्हान्स, सगळ्यांचं आधारकार्ड, आत यायचं सकाळी अकराला, सोडायचं दुसऱ्या दिवशी दहाला. डीजे नाही.

लोकेशन व्हॉट्सॲपवर पाठवतो. शेवटचा रस्ता कच्चा आहे आणि माती काळी, पाऊस झाला असेल तर गाडी आत घालू नका, चाक रुततं, डांबरीवरच लावून फोन करा, ट्रॅक्टर पाठवतो.