बिनसाखळी पाया (क्रोशे विणकाम)

बिनसाखळी पाया : क्रोशे विणकामाची सुरुवात करण्याची एक पद्धत. रूढ रीतीत आधी हवी तितकी लांब साखळी (एकातून एक ओढलेल्या फासांची माळ) घालतात आणि मग तिच्यावर मुक्या खांबांची (आखूड टाक्यांची) किंवा खांबांची (उंच टाक्यांची) पहिली ओळ विणतात. बिनसाखळी पद्धतीत ही दोन्ही कामे एकदमच होतात; प्रत्येक टाक्याबरोबर त्याच्या तळाची साखळीही विणली जाते. म्हणजे साखळी नाहीशी होत नाही, फक्त ती वेगळी घालावी लागत नाही.

साखळीने सुरुवात करण्याची चाल कोठून आली, हा प्रश्न क्रोशाच्या उगमाच्या वादाशी जोडलेला आहे. अरबस्तान, दक्षिण अमेरिका आणि चीन अशी तीन उगमस्थाने वेगवेगळ्या लेखकांनी सुचविली. डॅनिश अभ्यासक लिस पालुदान यांनी जुने नमुने व छापील साहित्य तपासले असता १८०० पूर्वी युरोपात आजच्या अर्थाने क्रोशे होते, याला भक्कम पुरावा मिळाला नाही. छापील नमुने डच मासिक ‘पेनेलोपे’मध्ये १८२३ च्या सुमारास आढळतात. त्यापूर्वीची दोन कामे मात्र विचारात घ्यावी लागतात : स्कॉटलंडकडील आकड्याच्या सुईचे घट्ट लोकरी विणकाम, आणि १८ व्या शतकात पूर्वेकडून युरोपात गेलेले, ताणलेल्या कापडावर आकड्याच्या सुईने साखळीटाका घालण्याचे भरतकाम. हे दुसरे काम आपल्याकडील आरीकामाच्या कुळातले आहे. पुढे खालचे कापड काढून तोच टाका हवेत घातला जाऊ लागला व त्यातून क्रोशे आले, हे मत सर्वमान्य नसले तरी उरलेल्यांपेक्षा अधिक संभाव्य वाटते. ते ग्राह्य धरल्यास आधी साखळी घालण्याची रीत हा आरीकामाचा वारसा ठरतो. क्रोशाच्या रचनेला तिची गरज आहेच, असे नाही. बिनसाखळी पाया एका कोणाच्या नावावर घालता येत नाही. २१ व्या शतकात चित्रफितींमुळे तो घरोघरी माहीत झाला.

नवशिक्याची पहिली अडचण बहुधा साखळीच असते. हातात धरायला विणलेला भाग नसतो, साखळी पिळते, मोजताना चुकते आणि पहिल्या ओळीसाठी सुई तिच्या नेमक्या कोणत्या पदरात घालावी ते कळत नाही. शिवाय साखळी वरच्या ओळींपेक्षा आवळ होते, त्यामुळे पूर्ण झालेल्या रुमालाची खालची कड आत ओढली जाते. साखळीपुरती एक माप मोठी सुई वापरावी, हा यावरचा जुना उपाय. (पोलादी सुयांत क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते; तेव्हा मोठी सुई म्हणजे लहान क्रमांकाची.) काहीजणी दहाबारा साखळ्या जास्त घालून उरलेल्या मागाहून उसवतात. हे उपाय चालतात, पण कडेचा ताण त्यांनी पुरता जात नाही.

मुक्या खांबाचा बिनसाखळी पाया असा घालतात : सरकगाठ बांधून दोन साखळ्या घालाव्यात. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुई घालून दोरा ओढून घ्यावा. सुईवर दोन फास होतात. दोऱ्याचा वेढा घेऊन तो फक्त एका फासातून काढावा. ही तळाची साखळी झाली. सुईवर अजूनही दोनच फास आहेत. पुन्हा वेढा घेऊन दोन्ही फासांतून काढला की मुका खांब पुरा होतो. पुढचा टाका घेताना सुई वरच्या कडेत न घालता नुकत्याच झालेल्या तळच्या साखळीच्या दोन पदरांखालून घालतात. सगळी मेख येथे आहे. ती साखळी डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने चिमटीत धरून ठेवली तर सापडते. सोडली तर मिटते. उंच खांबासाठी तीन साखळ्यांनी आरंभ करून सुई घालण्याआधी एक वेढा घेतात. तळची साखळी झाल्यावर सुईवर तीन फास असतात, ते दोनदोन करून काढतात. पहिले चारपाच टाके वेडेवाकडे येतात, ते उसवून पुन्हा घालावेत.

अशी कड विणीइतकीच ताणली जाते, म्हणून टोपी, गळा, कंबरपट्टी यांना ती विशेष योग्य. गोल रुमालाला हा पाया लागत नाही. तेथे चारसहा साखळ्यांचे कडे जोडण्याऐवजी बोटाभोवती दोऱ्याचा सैल वेढा घेऊन त्यातच पहिले टाके घालतात आणि शेवटी टोक ओढून मधले भोक बंद करतात. जपानी विणलेल्या बाहुल्यांमुळे ही रीत जगभर गेली.

दोऱ्याप्रमाणे या पायाचा उपयोग कसा बदलतो, याचे उदाहरण म्हणून सोलापूर घेता येईल. सोलापूर हे चादरी आणि टॉवेलांचे गाव. क्रोशे येथे घरातले काम, रुखवतातले रुमाल आणि दारावरची तोरणे यांपुरते. कोरड्या, उष्ण हवेत लोकरीपेक्षा सुती दोरा सोयीचा पडतो. सूत लोकरीसारखे ताणले जात नसल्याने आवळ साखळी त्यात अधिक खुपते, म्हणून बिनसाखळी पायाचा लाभ येथे अधिक. यंत्रमागाचा धागा वापरायचा तर तो बारीक असल्याने अनेक पदरी घ्यावा लागतो. पदर सुटून तळची साखळी हुकते, त्यामुळे सराव क्रोशाच्या पिळदार दोऱ्यावरच करावा. माग जवळून पाहिलेल्यांना यातला फरक लगेच उमगतो : ताणा (मागावरचे उभे धागे) आधी मोजून लावावाच लागतो, आणि साखळीचेही तसेच, बिनसाखळी पायाची लांबी मात्र विणता विणता अंगावर किंवा दारावर धरून ठरवता येते. येथील तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांमुळे शहरातील क्रोशाचा संबंध आंध्रातील नरसापूरच्या प्रसिद्ध लेसशी जोडण्याचा मोह होतो. नरसापूरचे काम १९ व्या शतकात मिशनऱ्यांकडून गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात रुजले. पद्मशाली मुख्यतः तेलंगणातून आले. तेव्हा भाषेच्या साम्यावरून हा दुवा गृहीत धरू नये.

शिकवताना आधी साखळी हा क्रम बहुतेक ठिकाणी पाळला जातो. दुसऱ्याने विणून दिलेल्या लहान तुकड्यावर मुका खांब घोटून घ्यावा, मग बिनसाखळी पाया आणि नंतर लांब साखळी, हा क्रम अधिक सुकर आहे. साखळी शेवटी शिकावी लागतेच. चौकटीच्या जाळीकामात खांबांमधली रिकामी घरे साखळीनेच साधतात, आणि तेथे बिनसाखळी पाया घातल्यास खालची कड जाळीपेक्षा जड दिसते.