एक फाइल, तीनशे सोंगं

उबुंटू हे लिनक्स वापरणाऱ्या बऱ्याच जणांची बिझीबॉक्सशी पहिली गाठ नको त्या वेळी पडते. वीज जाते, कॉम्प्युटर धाडकन बंद होतो आणि पुन्हा सुरू करताना लॉगिनच्या स्क्रीनऐवजी काळ्या पडद्यावर चार ओळी उमटतात. बिझीबॉक्स हे नाव, आवृत्तीचा क्रमांक, 'हेल्प' टाइप करा अशी सूचना आणि खाली कंसात 'इनिटरॅमएफएस' लिहून पुढं लुकलुकणारा कर्सर. डिस्क गेली असं वाटून माणूस गार पडतो. बहुतेक वेळा ती गेलेली नसते.

लिनक्स सुरू होताना कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आधी मेमरीतच एक छोटी, तात्पुरती फाइल सिस्टिम उलगडतो, तीच इनिटरॅमएफएस. खरी डिस्क शोधायची, तपासायची, जोडून द्यायची आणि बाजूला व्हायचं, एवढंच तिचं काम. त्यात कुठं अडलं तर ती एक शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड्स चालवणारा प्रोग्राम, उघडून आपल्या हातात देते. काळ्या पडद्यावर दिसतो तो हाच, बिझीबॉक्सचा शेल.

तिथं आधी नुसतं 'एक्झिट' टाइप करून एंटर दाबावं. गाडी पुढं जायला बघते, पुन्हा अडते, पण या खेपेला अडण्याचं कारण प्रॉम्प्टच्या लगेच वर वाचायला मिळतं. 'अमुक पार्टिशनवर हातानं एफएससीके चालवा' असं लिहिलेलं असेल तर 'एफएससीके' (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड), मग 'डॅश वाय', मग त्या संदेशातलं पार्टिशनचं नाव जसंच्या तसं द्यायचं. 'डॅश वाय' म्हणजे प्रत्येक प्रश्नाला 'हो'. जोडलेल्या पार्टिशनवर दुरुस्ती चालवली तर असलेलंही बिघडतं, पण इथं मूळ डिस्क अजून जोडलेलीच नसते, म्हणून दुरुस्तीला ही वेळ अगदी योग्य. काम संपलं की पुन्हा 'एक्झिट'.

'अमुक यूयूआयडी अस्तित्वात नाही' असा संदेश असेल तर प्रकार वेगळा. यूयूआयडी म्हणजे पार्टिशनचा ओळख-क्रमांक. मग 'ब्लकआयडी' चालवून दिसणाऱ्या डिस्क आणि त्यांचे आयडी बघावेत. काहीच दिसलं नाही तर केबल, स्लॉट किंवा बायॉसमधली डिस्कची सेटिंग तपासायची. डिस्क दिसते पण तिचा आयडी वेगळा आहे, असं असेल तर बहुधा ती क्लोन किंवा नव्यानं फॉरमॅट केलेली असते. यूएसबीवरची डिस्क कधीकधी नुसती उशिरा जागी होते. तेव्हा कर्नलला 'रूटडिले' दहा सेकंद दिला की भागतं. मात्र दुरुस्ती करताना वाचन-लेखनाच्या चुका एकामागून एक येऊ लागल्या तर तिथंच थांबावं. मरायला टेकलेल्या डिस्कवर एफएससीके रेटण्याआधी डेटा दुसरीकडं उतरवून घ्यावा.

त्या इवल्याशा जागेत शेल आणि एलएस, कॅट, ग्रेप, माउंट अशा कमांड्स, असा सगळा संसार मावतो कसा? एफएससीकेसारखी काही मोजकी हत्यारं तिथं वेगळी ठेवलेली असतात, पण बाकीचं जवळजवळ सगळं एका फाइलमध्ये असतं.

बहुरूपी सकाळी पोलीस होऊन दारात येतो, दुपारी तलाठी होतो, माणूस तोच. बिझीबॉक्सचं कामही असंच सोंगाड्यासारखं आहे. बिन फोल्डरमध्ये फाइलींची यादी देणारा एलएस आहे, कॉपी करणारा सीपी आहे, सेड आहे, पण जवळून बघितलं तर त्या प्रत्येकाच्या पुढं बाण आहे आणि सगळे बाण 'बिझीबॉक्स' नावाच्या एकाच फाइलकडं जातात. या झाल्या सिमलिंक, म्हणजे 'खरी फाइल तिकडं आहे' असं सांगणाऱ्या पाट्या. मग आपण एलएस म्हटलं होतं की सीपी, हे त्या फाइलला कसं कळतं?

याचं उत्तर युनिक्सच्या एका जुन्या रीतीत आहे. शेल एखादा प्रोग्राम सुरू करतो तेव्हा आपण टाइप केलेल्या शब्दांची यादी त्याला देतो. 'सीपी हे ते' असं लिहिलं तर 'हे' हा पहिला शब्द आणि 'ते' हा दुसरा. शून्याव्या जागेवर असतं खुद्द ते नाव, ज्या नावानं हाक मारली गेली. साधे प्रोग्राम या शून्याव्या शब्दाकडं फारसं बघत नाहीत, फार तर चूक कळवणाऱ्या संदेशात आपलं नाव छापायला वापरतात. बिझीबॉक्स मात्र आधी तोच उचलतो, त्याच्यापुढचा फोल्डरचा पत्ता काढून टाकतो, वर्णक्रमानं लावलेल्या यादीत ते नाव शोधतो आणि त्या नावापुढच्या फंक्शनकडं काम सोपवतो. अशा एकेका सोंगाला तिथं 'ॲपलेट' म्हणतात आणि पूर्ण बांधणीत ती तीनशेहून जास्त असतात.

हे घरी पाच मिनिटांत करून बघता येतं. बिझीबॉक्स इन्स्टॉल करा, एका रिकाम्या फोल्डरमध्ये त्याच्याकडं जाणारी सिमलिंक करा आणि तिला 'कॅट' नाव द्या. फोल्डरच्या पत्त्यासकट चालवली की ती फाइल छापते. तिचंच नाव बदलून 'डब्ल्यूसी' करा, आता ती ओळी आणि शब्द मोजते. 'गणपत' नाव दिलंत तर उत्तर येतं 'गणपत: ॲपलेट नॉट फाउंड'. फाइल तीच, बाइटही तेच.

ही युक्ती फ्लॉपीपायी वापरली गेली. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये बिझीबॉक्स लिहायला घेतला तेव्हा डेबियन हे लिनक्स इन्स्टॉल करायला आणि बिघडलेली सिस्टिम वाचवायला एकाच फ्लॉपीत अख्खं चालतं लिनक्स बसवायचं होतं. फ्लॉपी १,४४० किलोबाइटची. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात, तिथं पैशाच्या ठिकाणी जागा होती. आजच्या ६४ बिट मशिनवर नुसतं 'नमस्कार' छापणारा सी प्रोग्राम ग्लिबसी ही नेहमीची सी लायब्ररी आत कोंबून बांधला, तरी तो आठशे किलोबाइटच्या आसपास भरतो. असे दोन 'नमस्कार' त्या फ्लॉपीत मावणार नाहीत. उलट मसल ही आटोपशीर लायब्ररी आत घेऊन बांधलेला पूर्ण बिझीबॉक्स एक एमबीच्या थोडासा वर जातो.

बचत कुठून होते ते नीट बघण्यासारखं आहे. प्रत्येक वेगळ्या प्रोग्रामला स्वतःचा हेडर लागतो, सुरुवातीची जुळवाजुळव करणारा कोड लागतो, आणि लायब्ररी आतच बांधली असेल तर तिचीही एकेक प्रत लागते. एका फाइलमध्ये हे सगळं एकदाच. शिवाय ऑप्शन वाचणं, चुका कळवणारे संदेश छापणं, फाइल तुकड्यातुकड्यांनी कॉपी करणं ही कामं सीपी, टार, डब्ल्यूगेट सगळ्यांनाच लागतात. बिझीबॉक्समध्ये ती एकदाच लिहिलेली आहेत. डिस्क ४ किलोबाइटच्या ब्लॉकमध्ये जागा देते, त्यामुळं शंभर छोट्या फाइलींच्या शेवटच्या ब्लॉकमध्ये जी अर्धवट जागा वाया जाते, तीही वाचते. मेमरीतही तेच. दहा ॲपलेट एकाच वेळी चालू असले तरी कर्नल त्या फाइलच्या कोडची पानं एकदाच ठेवतो.

म्हणूनच फ्लॉपी गेली तरी बिझीबॉक्स राहिला. २००४ मध्ये सुरू झालेलं ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं लिनक्स ज्या जुन्या लिंक्सिस राउटरवर वाढलं, त्यात ४ एमबी फ्लॅश आणि १६ एमबी रॅम होती. एवढ्यात कर्नल, वाय-फाय, फायरवॉल आणि कमांड्स बसवायच्या म्हटल्यावर पर्याय नव्हताच. आज कंटेनरमध्ये सर्रास वापरलं जाणारं अल्पाइन लिनक्स याच्याच पायावर उभं आहे आणि त्याची मूळ इमेज जेमतेम काही एमबींची असते. बिझीबॉक्सचं लायसन्स जीपीएल, म्हणजे उपकरण विकणाऱ्यानं सोर्स कोड मागणाऱ्याला द्यायचा. अनेकांनी तो दिला नाही, आणि २००७ मध्ये अमेरिकेत जीपीएलवरून कोर्टात गेलेला पहिला खटला याच प्रोग्रामवरचा. पुढं रॉब लँडली यांनी मोकळ्या लायसन्सखाली तशाच धाटणीचा टॉयबॉक्स उभा केला. २०१५ च्या मार्शमेलोपासून तो अँड्रॉइडमध्ये आहे, त्यामुळं आपल्या खिशातल्या फोनमध्येही एक बहुरूपी बसलेला असतो.

आता किंमत. बिझीबॉक्समधला एलएस किंवा ग्रेप हा ग्नूच्या, म्हणजे नेहमीच्या लिनक्सवरच्या, एलएस-ग्रेपचा धाकटा भाऊ आहे, जुळा नव्हे. रोजचे ऑप्शन आहेत, क्वचित लागणारे कापलेले आहेत. कापलेला ऑप्शन दिला की तो तसं तोंडावर सांगतो. ग्रेपला पर्लच्या धर्तीचे नमुने देणारा 'डॅश कॅपिटल पी' लावून बघा, 'अनरेकग्नाइझ्ड ऑप्शन' म्हणून मोकळा होतो. ही परवडणारी चूक, कारण ती दिसते.

न दिसणारी चूक चालू प्रोसेसांची यादी देणाऱ्या 'पीएस एयूएक्स'मध्ये आहे. नेहमीच्या लिनक्सवर याच्या उत्तरात पहिला रकाना युजरचा आणि दुसरा प्रोसेस क्रमांकाचा. म्हणून 'ऑकनं दुसरा रकाना काढ आणि किलला दे' अशी ओळ शेकडो स्क्रिप्टमध्ये सापडते. बिझीबॉक्सचा पीएस 'एयूएक्स' हे शब्द मुकाट्यानं गिळतो आणि स्वतःच्या क्रमानं छापतो, पहिला क्रमांक आणि दुसरा युजर. किलच्या हातात क्रमांकाऐवजी 'रूट' हे सर्वाधिकारी युजरचं नाव पडतं, ते चालत नाही, आणि जी प्रोसेस मारायची ती तशीच चालू राहते. अशा ठिकाणी नावावरून प्रोसेस शोधणारे 'पीग्रेप' किंवा 'पीकिल' वापरावेत, रकाने मोजायची वेळच येत नाही.

तारखेचंही असंच. ग्नूच्या डेटला 'यस्टर्डे' कळतं, याला कळत नाही. सेकंदांचा आकडा घेऊन त्यातून ८६,४०० वजा करायचे आणि पुढं 'ॲट' चिन्ह लावून डेटला परत द्यायचे. भारतात घड्याळं पुढंमागं होत नाहीत म्हणून हे बिनघोर चालतं. जिथं उन्हाळी वेळ पाळतात तिथं वर्षातून दोनदा याचा तास चुकतो.

अल्पाइनवर नव्यानं आलेल्यांना सगळ्यात जास्त छळणारा संदेश म्हणजे 'नॉट फाउंड'. स्क्रिप्ट समोर आहे, एलएस ती दाखवतो, चालवायची परवानगीही आहे, तरी सापडत नाही म्हणतो. सापडत नाही ती स्क्रिप्ट नव्हे, तिच्या पहिल्या ओळीत लिहिलेला बॅश हा शेल. अल्पाइनमध्ये शेल म्हणून असतो बिझीबॉक्सचा ॲश, आणि संदेशात नाव छापलं जातं बिचाऱ्या स्क्रिप्टचं. विंडोजवर लिहिलेल्या फाइलीत पहिल्या ओळीच्या टोकाला अदृश्य 'कॅरेज रिटर्न' राहिला, किंवा ग्लिबसीसाठी बांधलेला प्रोग्राम मसलवर आणला, तरी हाच संदेश येतो. नुसती पहिली ओळ बदलून बॅशच्या जागी एसएच लिहिलं की स्क्रिप्ट सुरू होते आणि पहिल्या ॲरेपाशी 'अनपेक्षित कंस' म्हणून आपटते, कारण ॲशमध्ये ॲरे नाहीत. स्क्रिप्ट लांबलचक असेल तर हट्ट सोडून सरळ 'एपीके ॲड बॅश' करून बॅश इन्स्टॉल करावा. काही एमबींसाठी दोनशे ओळी पुन्हा लिहिण्यात शहाणपण नाही.

नेटवरून फाइल उतरवणाऱ्या डब्ल्यूगेटबद्दल एक सावधगिरी. बिझीबॉक्सचा स्वतःचा टीएलएस कोड जोडणी गुप्त ठेवतो, पण समोरच्याचं सर्टिफिकेट खरं का खोटं हे तपासत नाही, आणि तसं तो एका ओळीत सांगतोही. त्या ओळीकडं दुर्लक्ष करून फर्मवेअर उतरवू नये.

एकाच फाइलनं सगळं करण्यात एक गाठ आहे ती परवानगीची. पासवर्ड बदलणाऱ्या किंवा 'एसयू'सारख्या कमांडला सामान्य युजरनं चालवलं तरी रूटचे अधिकार लागतात. त्यासाठी फाइलवर 'सेटयूआयडी' खूण करतात. पण खूण फाइलवर होते, नावावर नाही. बिझीबॉक्सवर ती केली की कॅटही रूट म्हणून सुरू होणार. म्हणून बिझीबॉक्स नाव ओळखल्याबरोबर, त्या ॲपलेटला अधिकारांची गरज नसेल तर ते आधी टाकून देतो आणि मगच काम करतो. अल्पाइननं तेवढ्यावरही विसंबायचं नाही असं ठरवून अशा मोजक्या कमांड्ससाठी वेगळी छोटी फाइल ठेवली आहे.

आणि ती एकुलती एक फाइलच चुकून उडाली तर? एलएस, सीपी, एमव्ही, रीबूट, सगळ्या पाट्या जागेवर आणि घर गायब. अशा वेळी उघडा असलेला शेल बंद करायचा नाही. चालू प्रोग्रामची फाइल पुसली तरी शेवटचा वापरणारा उठेपर्यंत कर्नल तिचे बाइट सोडत नाही, आणि आपला शेल हाच तो शेवटचा. शेलच्या पोटातल्या कमांड्सही जिवंत असतात. 'एको' आणि पुढं एक तारा दिला की फोल्डरमधली नावं छापली जातात, म्हणजे एलएसचं काम भागलं.

प्रॉक, म्हणजे चालू प्रोसेसांची माहिती दाखवणारं कर्नलचं फोल्डर, जोडलेलं असेल तर त्यात आपल्या शेलच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये 'एक्सई' नावाची वाट त्या पुसलेल्या फाइलकडंच जाते. ती सरळ चालवली तर मात्र 'एक्सई: ॲपलेट नॉट फाउंड', कारण हाक चुकीच्या नावानं गेली. ॲशच्या नव्या आवृत्त्यांत 'एक्झेक'ला (शेलच्या जागी दुसरा प्रोग्राम आणणाऱ्या कमांडला) 'डॅश ए' देऊन शून्यावा शब्द आपल्या मनाचा ठेवता येतो. म्हणून शून्यावा शब्द 'बिझीबॉक्स', चालवायची फाइल ती 'एक्सई', तिला पहिला शब्द 'सीपी', मग कॉपीसाठी पुन्हा तीच 'एक्सई' आणि शेवटी बिनमधला बिझीबॉक्सचा पत्ता. ही ओळ गोल कंसात लिहायला विसरू नये. कंस असला की एक्झेक शेलच्या एका प्रतीला गिळतो, नसला तर हाताशी उरलेल्या एकमेव शेललाच. कॉपी झाली की तीनशे पाट्या त्या क्षणी पुन्हा चालू लागतात. त्यांच्यात पत्त्याशिवाय काही लिहिलेलंच नसतं.